पुढची सीट, मागची सीट

।। श्री ।।

बुधवार, ११ जून २०२५

आज गहिनीनाथच्या सायकलच्या दुकानातून आलं ते असं :

मागची सीट, पाठ व हात असलेली, पट्टा आणि पाय ठेवायला दोन कप : १४५०
पुढची लहान सीट, हँडलच्या मागे बसणारी : ६५०
दुपायी स्टँड : २८०
मागच्या चाकाला डाव्या बाजूने जाळी (उजवीकडे साखळीचं झाकण आहेच) : १२०
मजुरी दीडशे मागितली, दिले १००
एकूण २६००

दोन हेल्मेटं मनवाने नगरहून आणली. किंमत विचारली तर सांगत नाही. "आई, तू वहीत लिहिशील आणि रोज वाचत बसशील," म्हणते.

सायकल माझीच. शेवगावला असताना मॅट्रिक होईपर्यंत रोज चालवली, त्यामुळे भीती नाही. मनवा संक्रांतीपासून सुप्याला कंपनीत लागली, तेव्हापासून तिची दोन्ही मुलं आमच्याकडे श्रीरामपुरात आहेत. अनन्याला साडेचार झाली, गंधार दोनाचा होईल. सोमवारपासून अनन्याची शाळा. कालव्याच्या पलीकडे अडीच किलोमीटर. रिक्षावाला अकरा मुलं कोंबतो, ते मला पाहवत नाही. गंधारला घरी ठेवावं तर यांचे गुडघे असे, तो दारातून पळाला तर हे उठेपर्यंत तो चौकात असेल. म्हणून दोघंही सायकलवर.

मनवाला गाडी घ्यायची होती. सायकलच्या मागे जोडायची, दोन चाकांची, वर कापडी छत, आत दोघं शेजारी बांधून बसवायची. तिने फोनवर दाखवली. परदेशातली कुणी बाई ओढत होती आणि मुलं आत झोपली होती. सोळा हजार. "मी हप्त्याने देईन, आई. सायकल पडली तरी मुलं आत सुरक्षित राहतात." गहिनीनाथने बघितलं आणि हसला. "ताई, रस्ता बघा तिथला. आपल्या कालव्याच्या रस्त्यानं कारखाना सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या पळत्यात. त्या ड्रायव्हरला गुडघ्याएवढी गाडी दिसतीय व्हय?"

मनवा म्हणाली, तिला उंच काठीवर झेंडा असतो.

"झेंडा लावून कुठं, जत्रंला?"

शेवटी मी ठरवलं. लहान पुढे, माझ्या दोन हातांच्या मध्ये. मोठी मागे. दोघं अंगाजवळ राहतील. गाडीत बसवली तर मागे काय चाललंय ते मला कसं कळणार, असं मी म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत.

विहीणबाईंनी राजूरहून दोनदा निरोप दिला आहे की मुलं आमच्याकडे पाठवा, शाळा दारातच आहे. मुलांचे वडील, आमचे सुहासराव, जाऊन येत्या श्रावणात वर्ष होईल. विहीणबाईंचीही ती नातवंडं, त्यांचाही जीव तुटतो. पण सुप्याहून राजूरला जायचं म्हणजे मनवाची सुट्टी रस्त्यातच संपायची. मनवाने मला सरळ विचारलं, "आई, तुला झेपेल का? झेपत असेल तरच मुलं इथे. खरं सांग."

झेपेल म्हटलं.


शनिवार, १४ जून

सराव केला. मागच्या सीटवर चौदा किलो गहू बांधले, पुढच्या सीटवर दहा किलो तांदूळ, आणि दत्तमंदिरापर्यंत जाऊन आले. हे दारातून म्हणाले, "गव्हाला पहिलीत घातलंस, तांदळाला बालवाडीत?" शेजारच्या छबूबाई हसून लोळायच्या राहिल्या होत्या.

परतताना हँडल एकदा वळलं, सावरलं. स्टँड लावून मगच चढवायचं. चढवताना आधी मोठी, उतरवताना आधी लहान, असं गहिनीनाथने घोकून घेतलं माझ्याकडून.


सोमवार, १६ जून

नारळ फोडला, देवाला नमस्कार करून निघालो. गंधार हेल्मेटमध्ये बेडकासारखा दिसतो. पूर्ण रस्ताभर त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. अनन्या मागे फार शहाण्यासारखी गप्प बसली, मला कौतुक वाटलं.

शाळेच्या दारात एक आई म्हणाली, "आजी, तुमची नात कालव्यापासून गाणी म्हणत आली, आम्ही स्कूटरवरून ऐकत होतो." दुसरी कुणी असेल.


गुरुवार, ३ जुलै

डाळ करपली. हल्लीच्या कुकरच्या शिट्ट्या नीट वाजतच नाहीत. नवी शिट्टी घेतली, चाळीस रुपये. तीही तशीच निघाली.

दुपारी छबूबाई मागच्या दाराने आत आल्या त्या तणतणतच. "वैनी, दार वाजवून वाजवून माझी बांगडी पिचली! आत काय तप करीत बसला व्हता?" मी निवडण करत होते, दुसरं काय. त्यांना रागवायची सवयच आहे.

मनवाचा फोन आला. तिच्या कंपनीत रेंज नसते, आवाज तुटतो. मी फोन यांच्याकडेच देते. हे बोलतात आणि मग माझ्यासमोर बसून सगळं सांगतात. अनन्या त्याच फोनवर आरामात बोलते. मुलांचे कान तिखट.

सायकलचं मात्र छान बसलं आहे. आता लोक ओळखतात. रेल्वेफाटकापाशी पेरूवाला गंधारला रोज सलाम ठोकतो.


रविवार, २७ जुलै

काल सुहासरावांचं वर्षश्राद्ध झालं, त्यासाठी आम्ही सगळे राजूरला गेलो होतो. मनवा विधीत शेवटपर्यंत सरळ बसली. जेवणं झाल्यावर भांडी घासायला गेली आणि तिथेच मोरीपाशी बसून राहिली. मी जवळ गेले. ती काही तरी म्हणाली, पाठमोरी होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. यापेक्षा काय करणार.

संध्याकाळी बायका ओसरीवर बोलत बसल्या. मी हसत होते, मान हलवत होते. डोंगरातली माणसं फार हळू बोलतात, आणि बाहेर पावसाची झड होती. विहीणबाई पुष्पावतीताई चांगल्या आहेत. अनन्या तासभर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती, तोंड एकसारखं चालू. आमच्याकडे ती इतकी बोलत नाही. जरा वाईट वाटलं, पण आपल्या बापाचं घर म्हणून ओढ असणारच.


शुक्रवार, ५ सप्टेंबर

अनन्या रुसली आहे. सायकलवर चढताना बोलत नाही, उतरताना बोलत नाही. काय झालं विचारलं तर म्हणते, "तू ऐकतच नाहीस." मी समोर बसले, म्हटलं, सांग आता, ऐकते. तर म्हणे, "आता नाही. तेव्हा सांगत होते."

बाप गेलेल्या मुलांचं मन असं कुठूनही दुखतं. पोथी वाचताना तिला जवळ घेऊन बसते.


सोमवार, ८ सप्टेंबर

आज अनन्या सायकलवर बसेना. दप्तर फेकलं, जमिनीवर लोळली. "मी पुढे बसणार! पुढे बसले की तुला ऐकू येईल!" मला हसू आलं. मुलं कारण काय काय शोधतील. पुढची सीट पंधरा किलोपर्यंत चालते. वाण्याच्या काट्यावर तिला उभी केली, चौदा भरली. म्हटलं, ठीक आहे बाई, बस पुढे.

पण मग गंधारला मागे बसवावं लागलं. ती सीट त्याला एवढी मोठी की तो तिच्यात एका कुशीवर कलंडतो. तशीच दुकानात नेली. गहिनीनाथ समोर येऊन म्हणाला, "काकू, ही सीट पोराला लई मोठी हाय. मागं लावायची बारकी सीट येती नऊशेला. दोन दिसांत मागवून देतो."

घ्यायलाच हवी. पण आजपासून पितृपंधरवडा लागला. या दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाहीत, माझ्या सासूबाईंनी कधी साधा झाडू आणला नाही. आणि यंदा तर आपल्याच घरचा तरुण माणूस पितरांत बसला आहे, उद्या द्वितीयेला त्यांचं पान वाढायचं. मुलाच्या वाटेत मुद्दाम अपशकुन कशाला आणा.

हे म्हणाले, "घेऊन टाक गं. सुहास काही आपल्या पोराच्या सीटवर रागवायचा नाही."

मी मानलं नाही. घटस्थापना बावीसला आहे, त्या दिवशी आणू. चौदा दिवसांचा तर प्रश्न.


बुधवार, १० सप्टेंबर

माझ्या दोन जुन्या सुती साड्यांची लहान गोधडी शिवली. आणायचं नाही, पण घरातलं वापरायला दोष नाही. चार पदरी करून सीटमध्ये खाली आणि दोन्ही बाजूंनी बसवली. गंधार आता कलंडत नाही. चार बोटं उंच झाला आहे आणि राजासारखा बसून सगळीकडे बघतो.

पट्टा सैल पडत होता म्हणून गहिनीनाथकडे जाऊन एक जास्तीचं भोक पाडून घेतलं. मग तो चाकापाशी खाली बसला आणि पाठमोरा, सीटच्या कपाला हात लावून बराच वेळ काही सांगत होता. हवा भरायचं मशीन चालू होतं. उठून माझ्याकडे बघितलं तेव्हा मी हो हो म्हटलं. भोकाचे पैसे घेतले नाहीत. चांगला माणूस आहे.


शनिवार, १३ सप्टेंबर

हे चार दिवस फार सुखाचे गेले. अनन्या पुढे बसून रस्ताभर मान वळवून वळवून माझ्याशी बोलते. पुढे बघ, पुढे बघ, म्हणावं लागतं. काल म्हणाली, तिच्या वर्गातल्या सृष्टीला दोन आज्या आहेत आणि दोघी भांडतात. मग विचारलं, "तुम्ही दोघी का भांडत नाही?" मी म्हटलं, आम्ही लांब राहतो म्हणून. ती इतकी हसली की हेल्मेट डोळ्यांवर आलं.

पोर पुन्हा बोलायला लागली. देवाने ऐकलं.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

परवा आणि काल लिहायला हात उठला नाही. आज लिहिते, झालं ते जसंच्या तसं कुठे तरी राहावं म्हणून.

परवा बुधवारी सकाळी नेहमीसारखे निघालो. रेल्वेफाटक ओलांडलं. कालव्याच्या पुलाचा चढ लागला आणि पायडल जड झालं. चढावर होतंच. त्या दिवशी एकादशी होती, पोटात काही नव्हतं, मला वाटलं त्यामुळे. मी जोर लावला. अजून जड झालं. अनन्या माझ्या हातावर चापट्या मारायला लागली. मान मागे वळवलेली, तोंड उघडं, बोट माझ्या पाठीमागे. तिला ट्रक दाखवायची सवय आहे. मी म्हटलं, "हो गं, दिसला, नीट बस." आणि उभी राहून आणखी जोर लावला.

समोरून भाजीची पाटी घेऊन एक बाई येत होती. तिने पाटी टाकली आणि धावत येऊन हँडल धरलं. ती अगदी माझ्या तोंडापुढे होती, म्हणून मला कळलं.

"पोरगं वरडतंय! अहो, पोरगं वरडतंय मागं! कान फुटले का बाई तुमचे?"

मी मागे वळले. गंधारचा उजवा पाय कपाच्या बाहेर होता. जाळी डावीकडे आहे. चपलेसकट टाच झाकणाच्या वरून चाकाच्या तारांमध्ये गेली होती. त्याचं तोंड लालभडक झालं होतं. मी त्या तोंडाकडे बघितलं, आणि मग मला त्याचं रडणं ऐकू आलं. त्याआधी नाही.

पुलावरच्या दोघांनी तारा वाकवून पाय काढला. रिक्षातून दवाखान्यात नेलं. अकरा टाके, घोट्याच्या हाडाला चीर, गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. पाय राहील, चालेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणाले असं यांनी मला सांगितलं. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघून यांना काही विचारलं. यांनी खाली बघितलं.

मनवा काल पहिल्या गाडीने आली. ओरडली नाही. गंधारचं पाऊल, जेवढं प्लास्टरच्या बाहेर आहे तेवढं, धरून बसली. मग अनन्याला विचारलं, काय झालं. मी अनन्याच्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे प्रत्येक शब्द कळला.

"मी आजीला सांगत होते. खूप जोरात सांगत होते. आजीला मागचं ऐकू येत नाही. पुढचं पण थोडंच येतं."

"कधीपासून?"

"आधीपासूनच."


शनिवार, २० सप्टेंबर

गहिनीनाथ आला. गंधारला खेळण्यातली सायकल आणली. पितृपंधरवडा आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं, मीही बोलले नाही. टोपी काढून दारातच उभा राहिला.

"काकू, मी तवाच म्हणलो हुतो. गोधडी घालू नका, पोरगं वर आलं की पाय कपात ऱ्हात न्हाई. नवी सीट येईस्तवर पाय दोरीनं बांधा न्हाई तर चालत जावा, पन गोधडी नको. तुमी व्हय म्हणला."

"कधी म्हणालास?"

"भोक पाडलं तवा. कपाला हात लावून दावत हुतो की."

मी त्याला चहा दिला. तो निम्मा ठेवून गेला.

मी हो म्हटलं होतं. वहीत लिहूनही ठेवलं आहे. दोनदा हो.


रविवार, २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

सकाळी सुहासरावांचं नाव घेऊन काकबळी ठेवला आणि हात जोडले. माफी मागितली. कावळा शिवला, पण त्याचा अर्थ मी काय लावू.

दुपारी यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर लिहून ते माझ्यापुढे ठेवलं. हे बाजार समितीत तीस वर्षं कारकून होते, अक्षर मोत्यासारखं. लिहिलं होतं : "मला दोन वर्षांपासून माहीत आहे. टीव्ही, कुकर, फोन. तुला सांगायचं ठरवायचो. पण तुझ्याशी काही बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. गाडी नको म्हणालीस त्या दिवशी बोलायला हवं होतं. चूक माझी."

मी म्हटलं, तुमची कशी? कागद घडी करून वहीत ठेवला.

मनात सारखं येतं की सोळा हजारांची गाडी घेतली असती तर पाय आत राहिला असता. मग दुसरं येतं. गाडी सायकलच्या मागे हातभर अंतरावर. त्यात काही झालं असतं तर अनन्याही आत असती. मग माझ्या हातावर चापटी कोणी मारली असती?


बुधवार, २४ सप्टेंबर

घट बसले. नऊशेची सीट आणली नाही.

मनवाची रजा आज संपते. ती माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि सावकाश बोलली, मी तिचे ओठ वाचावेत म्हणून. इतके दिवस मी सगळ्यांचे ओठच वाचत होते, हेही मला आत्ता कळतं आहे.

"आई, मुलं राजूरला जातील. अमृतदादा उद्या जीप घेऊन येतायत." अमृतराव म्हणजे सुहासरावांचे थोरले भाऊ.

"मी चालत नेईन अनन्याला. सायकल विकून टाकते."

"चालताना रस्ता ओलांडायचाच ना."

"आणि तू? राजूरला कधी भेटशील त्यांना?"

"महिन्यातून एकदा. काय करू?" तिने पाट आणखी जवळ ओढला. "मला तुझा राग नाही आला. पण मी तुला विचारलं होतं, झेपेल का, खरं सांग. तू हो म्हणालीस."

"मला माहीत नव्हतं गं."

"बाबांना माहीत होतं. छबूमावशींना माहीत होतं. अनन्याला माहीत होतं, आई. तुलाच कसं नव्हतं?"

याचं उत्तर मी शोधते आहे. माहीत नव्हतं हे खोटं नाही. पण कुकरची शिट्टी बदलली, लोक हळू बोलतात म्हटलं, रेंजला नावं ठेवली. इतकी कारणं शोधणाऱ्या बाईला आतून काहीच माहीत नव्हतं, असं कसं म्हणू? कळलं असतं तर मुलं तेव्हाच गेली असती. म्हणून कळू दिलं नाही की काय?


गुरुवार, २५ सप्टेंबर

जीप दहाला आली. अमृतरावांनी मला वाकून नमस्कार केला, त्याने जास्तच कानकोंडं झालं. गंधारला मागच्या सीटवर आडवा ठेवला, प्लास्टरखाली उशी. तो माझ्याकडे हात करून रडत होता. बघत होते, त्यामुळे ऐकू येत होतं.

दार लागल्यावर अनन्या काचेमागून काही बोलली. मी हो म्हणणार होते. म्हटलं नाही. काचेवर हात मारला, खाली घे म्हटलं, पुन्हा सांग म्हटलं.

"आजी, गंधारची बाटली राहिली."

धावत जाऊन आणून दिली.


गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

वाहनांची पूजा. सायकलची केली नाही. यांनी परस्पर झेंडूचं फूल खोचलं होतं, ते काढून तुळशीत टाकलं.


सोमवार, १३ ऑक्टोबर

नगरला कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानावर यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करा म्हणाले. मी बराच वेळ बसले होते. ते आवाज सोडायचं विसरले असं वाटलं, म्हणून काचेतून बघितलं. ती मुलगी एकामागून एक बटणं दाबत होती.

उजवा कान जवळजवळ गेला आहे. डावा निम्मा. यंत्र सांगितलं, त्याच दिवशी मागवलं, मुहूर्त बघितला नाही. तीन आठवड्यांनी येईल. यंत्राने समोरचं बरं कळेल, फोनवरचं कळेलच असं नाही, हे डॉक्टरांनी मास्क काढून सांगितलं.


सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीला मुलं राजूरलाच होती, मनवाही तिकडेच गेली. बरोबरच केलं तिने. गेल्या बुधवारी प्लास्टर निघालं, असं यांना फोनवर कळलं. यांनी मला सांगितलं, "बरा आहे." एवढंच. पुरुषांच्या फोनमध्ये एवढंच असतं. म्हणून आज पोस्टात जाऊन पाकीट आणलं आणि विहीणबाईंना पत्र टाकलं. नक्कल ठेवते.

"पुष्पावतीताईंना सरोजिनीचा नमस्कार.

मुलं तुमच्याकडे सुखात असतील, शंका नाही. न विचारता काही गोष्टी लिहिते, रागावू नका.

गंधार झोपताना आपलाच कान धरून झोपतो. सोडवू नका, आपोआप सुटतो. पेज घट्ट आवडत नाही. प्लास्टर निघाल्यावर कातडी कोरडी पडते, त्यावर फक्त खोबरेल लावा. त्याचा पाय धरताना घोट्याला नको, पोटरीला धरा.

अमृतराव अनन्याला सायकलवर बाजाराला नेतात असं कळलं. गंधारलाही पुढेमागे नेतील. त्याला पुढे बसवा, नेणाऱ्याच्या हातांमध्ये. मागे बसवायचं झालं तर त्याच्या मापाची सीट आणा आणि चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावा. सीटवर गोधडी, उशी, काही म्हणजे काही घालू नका. चार बोटांनी मूल वर येतं आणि पाय बाहेर राहतो. पंधरवडा असो की अमावास्या, लागेल ती वस्तू त्या दिवशी आणा.

अनन्या फार बोलते. तिला उत्तर द्या. कामात असाल तर नुसतं हं म्हणा, पण तिच्याकडे बघून म्हणा. माझ्याकडे ती तीन महिने बोलत होती आणि तिला वाटत होतं की मी मुद्दाम उत्तर देत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मला ऐकू येत नाही, ताई. हे मी आजवर माझ्या तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगते. श्राद्धाच्या दिवशी तुमच्या ओसरीवर तुम्ही मला काही विचारलं असेल आणि मी नुसती हसले असेन, तर ते त्यामुळे. काय विचारलं होतं ते आठवत असेल तर लिहा, खरं उत्तर देईन.

मुलं परत पाठवा असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मी त्या पुलावर घालवला. पण फोनवरून मला काही कळत नाही, आणि दुसऱ्याने ऐकून सांगितलेल्या 'बरा आहे' वर माझा दिवस जात नाही. म्हणून एवढीच विनंती. गंधार पाऊल टेकतो का, टेकताना रडतो का, आणि रडला तर कुणाला हाक मारतो, हे आपल्या हाताने लिहून उलट टपाली कळवा."